वीस डिसेंबर १९६१: गोव्यातील नागरिकत्वाचे प्रकरण

भारतीय सैन्य १७ डिसेंबर १९६१ च्या मध्यरात्री गोव्याच्या हद्दीत शिरले आणि १९ तारखेच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. लष्करी काम दोन दिवसांत आटोपले. उरले ते कागदाचे काम. इथली जमीन, इथला कायदा आणि इथली माणसे एका राष्ट्र-राज्याच्या दप्तरातून काढून दुसऱ्याच्या दप्तरात चढवायची होती. जमिनीचा प्रश्न पोर्तुगालच्या लेखी तेरा वर्षांनी मिटला. कायदा बराचसा जुनाच राहिला. माणसांचा हिशेब मात्र आजही पुरा झालेला नाही. पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात, निवडणूक अधिकाऱ्यांपुढे आणि न्यायालयांत तो अधूनमधून उघडला जातो.

हे प्रकरण तपशिलात पाहण्याचे कारण असे की राष्ट्र-राज्य या संस्थेचे सगळे सांधे इथे उघडे दिसतात. पॅरिस किंवा लंडनमध्ये ते शतकानुशतके लिंपून सपाट झालेले आहेत.

जमीन: सनद होती, सार्वभौमत्व नव्हते

ठरलेली सीमा, त्या सीमेत एकच सर्वोच्च सत्ता आणि त्या सत्तेशी थेट बांधलेले नागरिक, ही राष्ट्र-राज्याची पुस्तकी व्याख्या. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून ही घडी बसली, असे ठोकून सांगण्याची पद्धत आहे. कोकणात त्या तहानंतर दीडशे वर्षांनीही एका गावाचा महसूल एकाकडे, वतन दुसऱ्याकडे आणि फौजेची चाकरी तिसऱ्याकडे असे बिनदिक्कत चाले, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

गोवाही एका झटक्यात पोर्तुगिजांचा झाला नाही. तिसवाडी १५१० मध्ये गेली, बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये. या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले तालुके. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा सोंधेकरांचा मुलूख आणि डिचोली, सत्तरी, पेडणे हा सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. पेडणे तर १७८८ मध्ये. म्हणजे ज्याला सर्रास 'साडेचारशे वर्षांची राजवट' म्हणतात ती निम्म्याहून अधिक गोव्यात पावणेदोनशे वर्षांची होती. नव्या काबिजादींत देसाई आणि राणे यांचे इनाम-मोकासे तसेच ठेवून पोर्तुगिजांनी कारभार सुरू केला. एकोणिसाव्या शतकात राज्याला एकसारखा कर आणि एकसारखी हुकमत हवीशी झाली, तेव्हा दिपाजी राणे यांचे १८५२ चे बंड उभे राहिले. १८९५ चे बंड तर मोझांबिकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांनी सुरू केले आणि राणे त्यात नंतर उतरले. सत्तरीतला शिपाई हा साम्राज्यात कुठेही पाठवता येणारा शिपाई आहे, असे राज्य म्हणत होते. शिपायांना तो करारच मान्य नव्हता.

सीमेचेही तसेच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यात जकातीची एकी झाली, मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि बदल्यात गोव्याला वर्षाला चार लाख रुपये ठरले. १८९२ मध्ये हा करार संपला आणि जकातनाके परत बसले. नकाशावरची रेघ तीच होती. तिच्यावर काय अडवायचे हे दर पिढीला बदलत होते.

या गुंत्याची सर्वांत बारकाईने चिरफाड हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाली, तीही मराठी दप्तरातल्या कागदांवरून. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाल्या. दमणहून तिथे जायला भारतीय हद्द ओलांडावी लागे आणि भारताने वाट बंद केली होती. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी दावा लावला. मुद्दा असा की या गावांवर आमचे सार्वभौमत्व १७७९ च्या पुण्याच्या तहापासून आहे, म्हणून तिथे जाण्याचा मार्गही आमच्या हक्काचा आहे. त्या तहात पेशव्यांनी दमणजवळची १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले होते आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती प्रत्यक्ष लावून दिली.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने हे कागद तीन पदरांत सोडवले. पहिला पदर: मराठ्यांनी दिला तो महसूल, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. मुलूख तोडून दिलेला नाही. सरंजाम हा काढून घेता येणारा हक्क असतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. हेगच्या पंधरा न्यायमूर्तींना ते पुराव्याने पटवावे लागले. दुसरा पदर: १८१८ नंतर इंग्रज आले, त्यांना पोर्तुगीज तिथे राज्य करताना दिसले आणि त्यांनी वागणुकीतून ते मान्य केले. म्हणजे पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व सनदेतून आले नाही. शेजारच्या सत्तेने न बोलता मान्य केल्यामुळे ते तयार झाले. तिसरा पदर: त्या काळापासून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळत आली, पण फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा यांना प्रत्येक वेळी परवानगी लागे. म्हणून पहिल्या गटाला हक्क आहे (११ विरुद्ध ४ मते), दुसऱ्याला नाही (८ विरुद्ध ७), आणि १९५४ मधल्या तणावात भारताने वाट अडवली यात कर्तव्यभंग नाही (९ विरुद्ध ६). भारताच्या बाजूने खास न्यायमूर्ती म्हणून मुंबईचे न्या. मो. क. छागला बसले होते.

हा निकाल 'भारत जिंकला' किंवा 'पोर्तुगाल जिंकला' असा वाचण्यात अर्थ नाही. आधुनिक सार्वभौमत्व हे बहुतेक वेळा जुन्या, वेगळ्याच जातीच्या हक्कावर नंतर चढवलेले असते, हे त्यातून निघते. सरंजामाच्या वेळी 'वेढलेला परकीय प्रदेश' असा प्रश्नच उद्भवत नव्हता. दोन्ही बाजूंना राष्ट्र-राज्य उभे राहिल्यावर तो उद्भवला.

वसाहतीचा प्रांत

हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने १९५१ मध्ये पोर्तुगालची घटना दुरुस्त करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ७३ प्रमाणे, ज्या देशाकडे स्वशासन नसलेले प्रदेश असतील त्याने त्यांची माहिती पाठवायची असते. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला सदस्य झाला आणि विचारणा झाल्यावर उत्तर दिले: असे प्रदेश आमच्याकडे नाहीत, गोवा हा पोर्तुगालच आहे. राष्ट्र-राज्याचा साचा साम्राज्यावर बसवून साम्राज्य वाचवण्याचा हा प्रयत्न होता. १५ डिसेंबर १९६० च्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात आमसभेने गोव्यासह पोर्तुगालचे प्रदेश नावानिशी मोजून तो फेटाळला.

पण या दाव्याचा एक परिणाम खरा होता आणि पुढे तोच महत्त्वाचा ठरला. आफ्रिकेतील बहुसंख्य रहिवासी 'देशी' या कनिष्ठ दर्जात होते. गोव्यातला माणूस मात्र कायद्याने पूर्ण पोर्तुगीज नागरिक होता. बोलण्या-लिहिण्याचे स्वातंत्र्य त्याला नव्हते, पण नागरिकत्व होते आणि त्याचा कागदही होता.

माणसांची नोंद

हा कागद कसा तयार झाला ते बघावे लागते, कारण आजचे बहुतेक तंटे तिथेच अडतात. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्याला लागू झाला. १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही चालीरीती त्यातून राखून ठेवल्या. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, चर्च आणि राज्य वेगळे झाले, हिंदूंना बरोबरीचा दर्जा मिळाला आणि १९१४ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची नागरी नोंदणी सर्व धर्मांसाठी सुरू झाली. त्याआधी ख्रिस्ती माणसाचे अस्तित्व चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत असे.

नोंद पोर्तुगीज भाषेत, हाताने, रोमी लिपीत. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने पोर्तुगीज उच्चाराच्या नियमाने उतरवले. प्रभूचा 'पोरोबो' झाला, शेणवीचा 'सिनाय'. हिंदू घरांत बापाचे नाव मधे आणि आडनाव कधी गावावरून, कधी वतनावरून, कधी मुळीच नाही. मुक्तीनंतर त्याच घराण्यातल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर सरळ देवनागरी उच्चाराचे इंग्रजी स्पेलिंग आले. आजोबा एका नावाचे, नातू दुसऱ्या नावाचा, आणि दोघे एकाच वंशाचे हे सिद्ध करायला तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातून पोर्तुगीजमधला जुना दाखला काढावा लागतो. गोव्यात त्याला सगळे 'तेओर' म्हणतात: मूळ नोंदीची शब्दशः नक्कल, समासातल्या शेऱ्यांसकट. हे समासातले शेरे फार कामाचे. विवाह, नावातील दुरुस्ती, मृत्यू तिथेच चढवलेला असतो.

डिसेंबर १९६१ नंतरचा क्रम

मेजर जनरल कॅन्डेथ लष्करी गव्हर्नर झाले आणि जून १९६२ पर्यंत तो कारभार राहिला. त्या सहा महिन्यांत कायदेशीर पाया घातला गेला, आणि ज्या क्रमाने घातला गेला तो बोधप्रद आहे. ५ मार्च १९६२ ला प्रशासनाचा वटहुकूम निघाला. त्याची जागा लगेच संसदेच्या कायद्याने घेतली. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत घातले, आणि ही दुरुस्ती मागे नेऊन २० डिसेंबर १९६१ पासून अमलात आल्याचे ठरवले. म्हणजे शरणागतीच्या दुसऱ्या दिवसापासून गोवा हा जिंकलेला मुलूख नसून भारताचाच भाग होता, असे कायद्याने मागाहून लिहिले गेले. मधल्या अडीच महिन्यांची पोकळी अशी बुजवली.

प्रशासन कायद्याच्या कलम ५ ने सांगितले की आधीचे सर्व कायदे, सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत, चालू राहतील. या एका वाक्यामुळे १८६७ चा नागरी कायदा टिकला. लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होणे, मुलांचा ठराविक हिस्सा मृत्युपत्राने तोडता न येणे, हे सगळे त्या वाक्यावर उभे राहिले. १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हा कायदा पोर्तुगीज मुळाचा असला तरी भारतीय संसदेने स्वीकारल्यामुळे तो भारतीय कायदा आहे, आणि गोवेकराच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही तो लागू होतो. वारसाहक्काचा बराच भाग त्यापूर्वीच, २०१६ च्या डिसेंबरात, राज्याच्या स्वतंत्र वारसा कायद्यात गेला होता.

जमीन आणि कायद्याच्या बाबतीत दिल्लीने अशी सावध, जोडकाम करणारी भूमिका घेतली. माणसांच्या बाबतीत एक घाव दोन तुकडे केले.

एक महिना

नागरिकत्व कायदा १९५५ चे कलम ७ म्हणते की एखादा प्रदेश भारताचा भाग झाला तर त्या प्रदेशाशी असलेल्या संबंधामुळे कोण नागरिक होतील, हे केंद्र सरकार आदेशाने ठरवील. त्यानुसार गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश २८ मार्च १९६२ रोजी प्रसिद्ध झाला. मुख्य कलम एकच. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आई-वडिलांपैकी कोणी, किंवा आजी-आजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवशी भारताची नागरिक झाली असे मानले जाईल. अपवाद: आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात प्रशासकाकडे लेखी जाहीर केले की आधीचे नागरिकत्व ठेवायचे आहे, तर नाही.

या रचनेत तीन गोष्टी नजरेत भरतात. एक, निकष वंश आणि जन्मस्थान यांचा मिळून केलेला आहे. धर्म, भाषा किंवा आधीचा पासपोर्ट विचारलेला नाही. दोन, गप्प बसणे म्हणजे होकार. अर्ज करायचा तो नकार देणाऱ्याने. तीन, मुदत एक महिना.

हा महिना किती आखूड होता ते पुदुच्चेरीकडे पाहिले की कळते. फ्रान्सने २८ मे १९५६ रोजी हस्तांतराच्या तहावर सही केली, १६ ऑगस्ट १९६२ ला तो अमलात आला, आणि तिथल्या फ्रेंच नागरिकांना निवड करायला सहा महिने मिळाले. तिथे दोन राज्यांनी एका टेबलावर बसून नोंदी जुळवल्या. गोव्यात समोर दुसरा पक्षच नव्हता. पोर्तुगाल प्रदेश भारताचा झाला हेच मानत नव्हता. म्हणून भारताचा आदेश एकतर्फी निघाला, आणि पोर्तुगालच्या कायद्यात त्या आदेशाने काहीच बदलले नाही. पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ हे आहे. आदेश वाईट लिहिला होता असे आमचे म्हणणे नाही, उलट तो नेटका आहे. पण नागरिकत्व देणे एका राज्याच्या हाती असते आणि काढून घेणे दुसऱ्याच्या.

मोंतेरो खटला

ज्यांनी नकार कळवला त्यांच्यापैकी एकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फादर सेबास्तियांव फ्रान्सिस्को झेवियर दुश रेमेदियुश मोंतेरो हे गोव्यात जन्मलेले धर्मगुरू. त्यांनी २७ एप्रिल १९६२ रोजी, म्हणजे मुदतीच्या अगदी शेवटी, पोर्तुगीज नागरिकत्व ठेवत असल्याचे जाहीर केले, आणि आपण मूळचे गोवेकर असल्याचे त्यातच नमूद केले. त्यामुळे जन्मगावीच ते कायद्याने परदेशी झाले. त्यांना १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. मुदतवाढ त्यांनी मागितली नाही. नायब राज्यपालांनी देश सोडण्याचा हुकूम काढला, तो त्यांनी पाळला नाही, आणि परदेशी नागरिक कायद्याखाली खटला होऊन ३० दिवसांची साधी कैद व ५० रुपये दंड झाला.

शिक्षा मामुली होती, पण बचावाचा युक्तिवाद तसा नव्हता. तो असा: गोवा युद्धाने व्यापलेला प्रदेश आहे. चौथ्या जिनिव्हा कराराप्रमाणे व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशाला व्यापणाऱ्या सत्तेने हद्दपार करता येत नाही, आणि प्रदेश आपल्यात सामील केल्याची घोषणा करून हे संरक्षण काढूनही घेता येत नाही. भारताने १९६० मध्येच जिनिव्हा करारांचा कायदा केलेला होता.

२६ मार्च १९६९ रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिलेला निकाल याच जागी रेघ ओढतो. व्यापणे आणि सामील करणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. लढाई चालू असताना केलेली घाईची घोषणा संरक्षण संपवत नाही. पण लढाई पूर्ण संपली, समोरची सत्ता तिथून कायमची गेली आणि प्रदेश घटनेत समाविष्ट झाला की व्यापलेपण संपते. गोव्यात ते संपले होते. शिवाय कराराचा कायदा माणसाला थेट न्यायालयात मागता येईल असा हक्क देत नाही. अपील फेटाळले गेले.

कायद्याच्या दृष्टीने निकाल पक्का आहे. तरी त्यात एक चमत्कारिक गोष्ट राहते. ज्या माणसाने आदेशाने दिलेली निवड मुदतीत, लेखी, नियमाप्रमाणे वापरली, त्याच्याच वाट्याला हद्दपारीचा हुकूम आला. आदेशात निवड होती. निवड केल्यावर घरी राहता येईल का, याबद्दल आदेश गप्प होता. कालमर्यादेचा परवाना मिळेल आणि तो संपेल, हे कळायला दुसऱ्या कायद्याची पाने उलटावी लागत.

लोकांना एकत्रित विचारले गेले ते फक्त १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात. तिथे 'फूल' म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि 'दोन पाने' म्हणजे केंद्रशासित राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. गोव्यातल्या मराठी घरांत हा कौल अजूनही जिभेवर असतो, पण नागरिकत्वाच्या हिशेबात त्याला जागा नाही. देश कोणता हे त्यात विचारलेलेच नव्हते. देशाच्या आत खोली कोणती एवढेच होते.

लिस्बनची नोंद

पोर्तुगालात २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत तह झाला. गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेली हे प्रदेश भारतीय घटनेनुसार ज्या तारखांना भारताचे भाग झाले त्या तारखांपासून भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. तह ३ जून १९७५ ला अमलात आला. जमिनीपुरती दोन्ही दप्तरे तारखेनिशी जुळली.

माणसांपुरती जुळली नाहीत. आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा पोर्तुगालने १९७५ च्या हुकुमाने तिथल्या बहुतेकांचे नागरिकत्व संपवले. गोवा स्वतंत्र देश झालेला नसल्याने त्या साच्यात बसत नव्हता. परिणामी २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आपली जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवून घेता येते, आणि त्याच्या आधारे पुढची पिढी आपली नोंद मागते. १९८१ चा पोर्तुगीज नागरिकत्व कायदा सांगतो की असे मूळचे नागरिकत्व जन्मापासून लागू धरले जाते.

नेमके इथे घोडे पेंड खाते. १९५८ मध्ये म्हापशात जन्मलेला एक माणूस कल्पून पाहा. त्याने २०१० मध्ये लिस्बनला नोंद केली आणि २०११ मध्ये पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. लिस्बनच्या हिशेबात तो १९५८ पासून पोर्तुगीज आहे. २०१० मध्ये फक्त वहीत नाव चढले. दिल्लीच्या हिशेबात तो २० डिसेंबर १९६१ ला भारतीय झाला, आणि पासपोर्ट घेतला तेव्हा त्याने स्वखुशीने परकीय नागरिकत्व मिळवले. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी गेले. अर्ज, सुनावणी, काही लागत नाही. शिवाय नागरिकत्वाच्या नियमांत परकीय पासपोर्ट हा निर्णायक पुरावा मानलेला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो नियम वैध ठरवला. 'मी काही मिळवले नाही, जन्मजात होते तेच दाखवले' हा बचाव लिस्बनमध्ये शंभर टक्के खरा आणि पणजीत निरुपयोगी.

मधली अवस्था खरी वादाची आहे: लिस्बनला जन्मनोंद झाली, पण ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेतला नाही. नोंद म्हणजेच नागरिकत्व की नागरिकत्वाचा दरवाजा, यावर गोव्यात आमदारकीच्या वादापर्यंत मजल गेली. कलम ९ चा प्रश्न उद्भवला की निर्णय केंद्र सरकारने नेमलेला अधिकारी घेतो, स्थानिक मामलेदार किंवा निवडणूक अधिकारी नव्हे. नोंद दुसऱ्याने परस्पर केली, असा दावाही होतो. तो फोल ठरवायला किंवा सिद्ध करायला लिस्बनच्या नोंदीची पूर्ण नक्कल मागवावी लागते, कारण अर्ज कोणी दिला हे पासपोर्टच्या छायाप्रतीवरून कळत नाही.

प्रत्यक्ष कागदात काय बिघडते, ते क्रमाने असे. आधी 'तेओर' आणि आजचा आधार-पॅन यांतील नावे जुळत नाहीत. तिथे प्रतिज्ञापत्र पुरत नाही, मूळ नोंदीत दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि ती समासात चढल्यावर नवी नक्कल काढावी लागते. मग आई-वडिलांचा विवाह. तो लिस्बनला उतरवलेला नसेल तर मुलाची नोंद अडते, कारण पितृत्वाचा दुवा तुटतो. तिसरी अडचण कमी लोकांना ठाऊक असते: पोर्तुगीज कायद्यात सर्वसाधारण नियम असा की पितृत्व किंवा मातृत्व मूल सज्ञान होण्यापूर्वी सिद्ध झालेले असावे लागते. जन्माची उशिरा केलेली नोंद, म्हणजे चाळिशीत न्यायालयाच्या हुकुमाने घातलेली, इथे अर्ज पाडते. दलाल ही गोष्ट शेवटपर्यंत सांगत नाहीत.

भारतीय बाजूला घोटाळा वेगळा होतो. पोर्तुगीज पासपोर्ट हाती आल्यावर भारतीय पासपोर्ट परत करून समर्पणाचा दाखला घ्यायचा असतो, आणि परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) कार्डासाठी हा दाखला मागतात. मधल्या काळात भारतीय पासपोर्टवर प्रवास केला, किंवा परकीय पासपोर्टची गोष्ट दडवून तो नव्याने करून घेतला, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३)(ब) खाली माहिती दडवल्याबद्दल तो रद्द होऊ शकतो. समर्पण आणि रद्द होणे यांचे कागद वेगळे, परिणामही वेगळे. याबाबतची परिपत्रके अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलली, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी लागू असलेले परिपत्रक हातात घेऊनच पुढे जावे. शेजाऱ्याचे काम दोन वर्षांपूर्वी कसे झाले याचा काही उपयोग नाही.

कार्ड मिळाले तरी मतदानाचा हक्क, घटनात्मक पद आणि सामान्यतः सरकारी नोकरी जाते. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते, आणि तो वारसा पुन्हा गोव्याच्या वारसा कायद्यानेच वाटला जातो, वारसदाराचे नागरिकत्व कोणतेही असो. त्यामुळे तीन भावंडांत एक पोर्तुगीज, दोन भारतीय असली तरी वाटणीच्या दाव्यात तिघांची नावे एकाच यादीत येतात. मतदार यादीतले नाव मात्र आपोआप निघत नाही. ते वगळण्यासाठी नमुना ७ भरावा लागतो, आणि तो न भरता मतदान झाले तर प्रकरण फौजदारीत जाते.